महामारीतलं काय ठेवायचं, काय टाकायचं: संकटानंतर कॉलेज आणि विद्यापीठ कसं बदलावं

जून २०२०. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका विद्यार्थिनीने फोटो टाकला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं गाव, घरामागचं टेकाड, काजूच्या झाडाखाली ती छत्री धरून बसलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. खाली एवढंच लिहिलेलं: "सर, घरा रेंज ना. हांगा मात्शी मेळटा." (घरी रेंज नाही, इथे थोडी मिळते.) मी त्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठा शिकवत होतो. पुरवठा नेमका कुठे अडतो, ते त्या फोटोने मला शिकवलं.

ते टेकाड अजून तिथेच आहे. कॉलेजच्या कागदांत मात्र ते कुठेच नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत आम्ही "ऑनलाइन अध्यापन यशस्वीरीत्या राबवले" असं लिहिलं आणि फाइल कपाटात गेली. संकटातून शिकणं अडतं ते इथे, म्हणून बदलाची सुरुवातही इथूनच करायची.

हे मार्गदर्शन फक्त कुलगुरूंसाठी नाही. तुम्ही पीटीएवर (पालक-शिक्षक संघावर) असाल, संस्थेच्या मॅनेजमेंटवर असाल, माजी विद्यार्थी असाल, तरी यातलं बरंच तुमच्या हातात आहे. गोव्यात विद्यापीठ म्हणजे ताळगावच्या पठारावरच्या इमारती, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत पसरलेली संलग्न कॉलेजंही. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं; त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. वय कमी, आकार लहान. पण सगळे प्राचार्य सकाळी ताळगावला जमून संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला पोचू शकतात, ही सोय मोठ्या राज्यांतल्या विद्यापीठांना नाही. ती वापरावी.

पहिलं काम: घडलं ते लिहून काढा

गूगल फॉर्म पाठवू नका. फॉर्मला लोक फॉर्मसारखीच उत्तरं देतात. समोर बसून विचारा आणि प्राचार्यांपासून सुरुवात करू नका. शिपाई, लायब्ररियन, ऑफिसातले हेडक्लार्क, लॅब अटेंडंट आणि त्या वर्षांत शिकलेले पाच-सहा विद्यार्थी. प्रश्न तीनच: काय बंद पडलं? तुम्ही काय केलंत? त्यातलं आज काय चालू आहे?

आमच्या लायब्ररियनबाईंनी त्या पावसाळ्यात दुधाच्या गाडीतून पुस्तकं पाठवली होती. गाडीवाला ओळखीचा. तो डेअरीच्या केंद्रावर गठ्ठा ठेवायचा, मुलं दूध घालायला आली की आपापलं पुस्तक न्यायची. मला हे तीन वर्षांनी कळलं, तेही चहा पिताना. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी माणूस निवृत्त होईपर्यंतच टिकतात. तेव्हा महिन्याभरात दहा-पंधरा पानं लिहून काढा, मराठीत लिहा, कोकणीत लिहा. मथळा, लोगो काही लागत नाही.

दुसरं: रेंजची वही

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

प्रवेशाच्या फॉर्मवर "घरी इंटरनेट आहे का? होय/नाही" हा प्रश्न असतो. सगळे "होय" लिहितात. "नाही" लिहिलं तर प्रवेशाला अडचण येईल असं वाटतं. त्याऐवजी असं विचारा: व्हिडिओ न अडकता चालतो अशी जागा घरापासून किती मिनिटं चालत आहे? कोणत्या कंपनीचं सिम तिथे चालतं? घरात मोबाइल किती आणि शिकणारी मुलं किती? पावसात वीज गेली की साधारण कधी येते? गाव विचारू नका, वाडा विचारा. एकाच गावात देवळाकडे चार रेषा दिसतात आणि ओहळापलीकडच्या वाड्यावर एकही नाही, हे सांगे-काणकोणच्या माणसाला सांगावं लागत नाही.

ही वही वर्गशिक्षकाने ठेवावी आणि दरवर्षी जूनमध्ये नवी करावी. मग त्यावरून तीन गोष्टी ठरतात. एक, कोणाला छापील टिपणं द्यायची. दोन, कोणत्या पंचायतीशी किंवा गावच्या वाचनालयाशी आधीच बोलून बसायची जागा ठरवायची. तीन, व्याख्यानाचं रेकॉर्डिंग किती जड असावं. पन्नास मिनिटांचा व्हिडिओ टेकाडावर उतरत नाही, दहा मिनिटांचा आवाज उतरतो. आपल्या उच्च शिक्षण संचालनालयाने महामारीत 'दिष्टावो' नावाने कॉलेजांच्या प्राध्यापकांचीच व्याख्यानं रेकॉर्ड करून घेतली. अभ्यासक्रमाला धरून असलेलं हे साहित्य अजून उपयोगी आहे. कॉलेजच्या वायफायवर उतरवून मुलांना पेनड्राइव्हमध्ये द्या. साधी गोष्ट आहे, पण ती करणारा माणूस नेमावा लागतो.

याच वहीत आणखी एक रकाना हवा: प्राथमिक शाळा कोणत्या माध्यमाची? आपल्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात, पुढे इंग्रजीत जातात आणि घरी कोकणी बोलतात. वर्गात समोर असताना मी इंग्रजी व्याख्येनंतर दोन वाक्यं मराठीत किंवा कोकणीत टाकायचो, चेहरे बघून. स्क्रीनवर चेहरेच नव्हते, आणि ती दोन वाक्यं गळून गेली. कोण मागे पडलं ते परीक्षेत कळलं. आता प्रत्येक घटकाला पाच मिनिटांचं मराठी-कोकणी टिपण आवाजात करून ठेवतो. यात भाषेचा अभिमान वगैरे काही नाही, मुलं पास होतात.

तिसरं: ठेवायचं आणि टाकायचं

स्टाफरूमच्या फळ्यावर दोन रकाने काढा आणि तासभर भांडा.

आमच्या "ठेवायचं" रकान्यात सर्वांत वर आली ती ऑनलाइन पालकसभा. ज्यांचे वडील तारवटी, वर्षातले सात-आठ महिने जहाजावर, ते त्या काळात पहिल्यांदा सभेला दिसले. एकजण तर कुठल्याशा बंदरावरून, मागे कंटेनरची चळत, मुलाचे आयएसएचे (सत्रातल्या अंतर्गत परीक्षांचे) गुण विचारत होता. सभा पुन्हा हॉलमध्ये सुरू झाल्यावर हे वडील परत गायब झाले, आणि तेव्हा चूक आमच्या लक्षात आली. "टाकायचं" रकान्यात सलग पाच तास स्क्रीनपुढचे तास आणि कॅमेरा बंद ठेवून लागणारी हजेरी. त्यावर भांडण झालंच नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी लागणारे श्रेयांक, 'स्वयम' या केंद्र सरकारच्या पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सने मिळवता येतात. ही कमाल मर्यादा आहे. काही ठिकाणी ती उद्दिष्ट समजून रिकाम्या जागा भरायचं टाळलं जातं. पीटीएवर असाल तर एवढं जरूर विचारा: ऑनलाइन कोर्स निवडीसाठी आहे, की शिक्षक नाही म्हणून?

चौथं: जुगाडाचा नियम करा

संकटात आपण जे केलं ते तोंडी परवानगीवर केलं. पुढच्या वेळी प्राचार्य वेगळे असतील. परीक्षांचं २०२० मध्ये काय झालं ते आठवा. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं की अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्या. विद्यार्थी आणि संघटना कोर्टात गेल्या, काही राज्यांनीही विरोध केला. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा हव्यातच असा निकाल दिला, राज्यांना मुदतवाढ मागायची मुभा ठेवून. तोवर मुलं अधांतरी. कोणाची नोकरी अडली, कोणाचा परदेशातला प्रवेश.

म्हणून पर्यायी मूल्यमापन आधीच लिहून ठेवा: परीक्षा घेता आली नाही तर आयएसएचे किती गुण धरायचे, तोंडी परीक्षा फोनवर चालेल का, पुस्तक उघडून लिहायचा पेपर कोणत्या विषयांना जमेल. गणिताला जमणार नाही, इतिहासाला उत्तम जमतो. विभागाने एका पानाचा ठराव करावा, तो अभ्यास मंडळाकडे जावा, तिथून विद्वत परिषदेकडे. वेळ लागतो. पण शांततेच्या काळातले सहा महिने संकटातल्या सहा दिवसांपेक्षा स्वस्त पडतात.

पाचवं: गावाच्या कामाला क्रेडिट

इथे बाहेरची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स बुडालं आणि तिथलं तुलेन विद्यापीठ एक सत्र बंद राहिलं. जानेवारी २००६ मध्ये उघडल्यावर त्यांनी पदवीसाठी लोकसेवेचं काम सक्तीचं केलं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २०१० आणि २०११ मध्ये भूकंप झाले तेव्हा कॅन्टरबरी विद्यापीठाचे विद्यार्थी फेसबुकवरून जमले आणि फावडी घेऊन रस्त्यांतला, अंगणांतला गाळ उपसला. विद्यापीठाचे स्वतःचे तास तंबूंत चालू होते. पुढे विद्यापीठाने अशा कामावर आधारलेला क्रेडिटचा कोर्सच काढला. पुढाकार मुलांनी घेतला, विद्यापीठाने त्याला अभ्यासक्रमात जागा दिली. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तुलेनने त्याच वेळी पैसे वाचवायला अभियांत्रिकीचे अनेक विभाग बंद केले. काही वर्षांनी संगणकशास्त्र पुन्हा उभं करावं लागलं. घाईत काय कापायचं हे ठरवताना हेही आठवावं. आपल्याकडे कापायची वेळ आली की लेक्चर बेसिसवरचे (तासांप्रमाणे पैसे मिळणारे) शिक्षक पहिले जातात; आणि ऑनलाइनच्या काळात मोबाइल हातात घेऊन सगळ्यांना शिकवत होते ते बहुधा तेच.

गोव्याने तर लागोपाठ दोन धक्के खाल्ले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले, दोन वर्षांनी पर्यटन थांबलं. डिचोली-सांग्याचे ट्रक आणि कळंगुटची शॅक, दोन्हीकडची घरं आमच्या वर्गात बसतात. मग वाणिज्यच्या मुलांनी एका तालुक्यातली पन्नास घरं घेऊन कर्ज, गाडीचे हप्ते, बदललेला धंदा यांची नोंद करावी. भूगोलाच्या मुलांनी खाजन शेतांचे (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतांचे) बांध कुठे फुटलेत ते नकाशावर मांडावं. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, समुद्राचं विचारायला लांब जावं लागत नाही. अहवाल पंचायतीत मराठी-कोकणीत वाचून दाखवल्यावरच क्रेडिट द्या. आम्ही पहिला अहवाल वाचला तेव्हा एका पंचसदस्याने मध्येच उठून आकडा दुरुस्त केला. मुलांनी तो तिथेच पेनने बदलला. परीक्षकाने तपासला असता तर तसाच राहिला असता.

सहावं: वर्षातून एकदा तालीम

जुलैचा एक दिवस ठरवा. सकाळी आठला निरोप पाठवा: आज कॉलेज बंद, तास चालू. कोणाला आधी सांगू नका. पावसाळा असल्याने वीज आणि रेंज दोन्हींची खरी परीक्षा होते.

आमच्या पहिल्या तालमीत निम्मे नंबर चुकीचे निघाले, कारण मुलांनी सिम बदलली होती. एका सरांना लॉगिनचा पासवर्ड आठवेना. तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता आणि ऑफिसला कुलूप. कुलपाची किल्ली शिपायाकडे, शिपाई डोंगरीला. दुसऱ्या वर्षी नंबर बरोबर होते, किल्लीची दुसरी प्रत होती, आणि त्या वर्षीच्या सत्तरीतल्या मुलांपैकी तिघं गावच्या वाचनालयाकडून तासाला आली. वाचनालय दहाला उघडतं, तास नऊला होता. ती तासभर ओसरीवर बसून होती. वाचनालयाची वेळ बदलता येईल का, ते विचारायला या आठवड्यात सरपंचांकडे जायचंय.