शिंदळ माकुडी कुंडीत जगवताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की तोच प्रश्न येतो: "माकुडीची पानं पिवळी पडून गळायला लागलीत, काय घालू?" काहीही घालू नका. पाणीसुद्धा वाढवू नका.

शिंदळ माकुडी रुईच्या कुळातली, पण खोडात पाणी साठवून जगणारी. तिच्या नात्यातल्या माकडशिंगाला पानं नावापुरतीच असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली चपटी, मांसल पानं फुटतात आणि पाऊस सरला की ती झडतात. मागे उरतात नुसत्या बोटभर जाडीच्या करड्या-हिरव्या फांद्या. सज्जनगडाच्या कड्यावर फटीत वाढणारं झाड उन्हाळाभर असंच बोडकं असतं आणि त्याला मे महिन्यात कोणी झारीनं पाणी घालत नाही. पाऊस सुरू झाला की शेंड्यांना हिरवे कोंब दिसू लागतात.

कुंडीतलं प्रकरण मात्र ठरलेल्या क्रमानं बिघडतं. पानं गळाली म्हणून पाणी वाढतं. आठवड्यानं फरक दिसत नाही म्हणून शेणाची स्लरी पडते, कुणी वर चमचाभर डीएपी खत टाकतं. पानं नसलेलं झाड पाणी फारसं ओढत नाही, त्यामुळे माती ओली राहते आणि मुळं आधी कुजतात. वरची फांदी तरीही टवटवीत दिसते, कारण तिच्यात स्वतःचा साठा असतो. फसगत इथेच होते. बुडखा काळा पडून बोटानं दाबला जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही आणि मग बुरशीनाशकाची बाटली निघते. मेलेल्या मुळांवर कसलं बुरशीनाशक?

अशा वेळी झाड सरळ उपटा. फांदी स्वच्छ ब्लेडनं कुजलेल्या बुडख्याकडून वर वर कापत जा. काप पांढरट-हिरवा, एकसारखा दिसला पाहिजे. मधे तपकिरी कडं किंवा ठिपका असेल तर आणखी 1 सेंमी वर कापा, दर वेळी ब्लेड स्पिरिटनं पुसून. कापावर गंधकाची किंवा कोळशाची पूड लावा आणि फांदी सावलीत कोरडी ठेवा. एक फांदी वाचली तरी झाड परत उभं राहतं.

बोडक्या महिन्यांत पाणी द्यायचं ते तीन-चार आठवड्यांतून एकदा, अर्धी वाटी. फांद्यांना सुरकुत्या पडल्या तरी घाबरू नका. कुंडी उचलून पाहायची सवय लावा. जड लागली तर पाणी नाही, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

मातीबद्दल थोडक्यात: दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. कोकोपीट नको. कुंडी मातीची, पसरट, 15 सेंमीची, खाली ताटली न ठेवता. साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या भागात राहत असाल तर जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली घ्या. कोरड्या माण-खटावात उघड्यावर चालते, फक्त एप्रिलच्या दुपारी सावली द्या.

ताजी कापलेली फांदी लगेच ओल्या मातीत खोचणं ही घाईची चूक. 8-10 सेंमीची फांदी चार-पाच दिवस सुकवा, काप कोरडा होऊन बंद झाला की मातीवर आडवी टेकवा, पहिला आठवडा पाणी देऊ नका.

गडावरून फांदी तोडून आणू नका. हे झाड महाराष्ट्राबाहेर कुठेही रानात उगवत नाही आणि इथेही मोजक्या डोंगरांवरच आहे. नर्सरीत कलमं मिळतात, ती घ्या. घरचं कलम नेऊन कड्यावर लावायचा उत्साहही नको. सोबत पिठ्या ढेकूण ही कीड जाते. (झाडाला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव ज्या बार्टल फ्रेअरवरून पडलं तो 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर होता, पण त्याआधी साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, होता. आता शास्त्रज्ञ याला बहुतेक बूसेरोशिया वंशात धरतात.)

आता दुसरं दुखणं: "फुलं भरपूर येतात, शेंग एकही नाही." चौकशी केली की कळतं, गच्चीवरच्या सहाही कुंड्या एकाच फांदीची कलमं आहेत. म्हणजे झाड एकच. या गटातल्या झाडांना बहुधा स्वतःचा पराग चालत नाही. वेगळ्या मुळाचं, शक्यतो बियांपासून वाढलेलं दुसरं झाड हवं.

मधमाश्यांची वाट पाहणंही फुकट. पिवळ्या ठिपक्यांचं ते गडद तांबडं चांदणीसारखं फूल साध्या माश्यांसाठी आहे. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की परागणच संपलं. इथे पराग भुकटीसारखा उडत नाही. त्याचे मेणचट पिंड जोडीनं एका चिमुकल्या चिमट्याला लटकलेले असतात. माशीचा पाय किंवा सोंड खाचेत अडकली की चिमटा तिला चिकटतो आणि पुढच्या फुलाच्या खाचेत एक पिंड सुटून बसतो. म्हणून ब्रशनं फूल घासून काही होत नाही.

हातानं करायचं तर सकाळी, दहापट भिंग आणि बारीक सुई घेऊन. फुलाच्या मधल्या पाच कोपऱ्यांवर काळसर ठिपका दिसतो तो चिमटा. त्याला सुईचं टोक लावून वर उचला. दुसऱ्या झाडाच्या फुलात दोन परागकोशांमधल्या उभ्या फटीत एक पिंड सरकवा, त्याची पारदर्शक कड आत जाईल असा. उलटा बसला तर मेहनत वाया. पहिल्या दहा फुलांत एक जमलं तरी चांगलं.

शेंगा शिंगांसारख्या जोडीनं येतात आणि पिकायला महिने घेतात. पिवळट व्हायला लागल्या की दोऱ्यानं सैल बांधा किंवा मलमलीची पिशवी चढवा, नाहीतर एका दुपारी तडकून रेशमी शेपट्यांचं बी शेजारच्या गच्चीवर जातं. बी ताजंच पेरा, वर चिमूटभर बारीक वाळू. उबेत आठवडा-दहा दिवसांत उगवतं. पाण्याबद्दल वर जे सांगितलं ते इथे विसरा: पहिले दोन-तीन महिने या रोपांची माती पूर्ण वाळू द्यायची नाही.