थंडरबर्डमधले गायब मेल परत मिळाले
उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. सोमवारी लाईट गेली, कॉम्प्युटर मधेच बंद पडला. चालू केला तर थंडरबर्डचा, म्हणजे आमच्या ईमेलच्या प्रोग्रामचा, इनबॉक्स रिकामा! गिऱ्हाइकांची सगळी ड्रॉइंग त्यातच. पोटात गोळाच आला.

थंडरबर्ड ज्यात मेल साठवतो तो प्रोफाइल फोल्डर उघडला. 'इनबॉक्स' नावाची फाईल दीड जीबीची, तशीच होती. म्हणजे मेल शाबूत. बिघडली होती शेजारची 'इनबॉक्स डॉट एमएसएफ', म्हणजे नुसती अनुक्रमणिका. थंडरबर्ड बंद करून आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली, मग फक्त ती एमएसएफ काढून टाकली. उघडल्यावर यादी नव्याने तयार झाली, सगळे मेल हजर. इनबॉक्सच्या प्रॉपर्टीजमधलं 'रिपेअर फोल्डर' बटणही हेच काम करतं.

एक कळकळीची विनंती: मेल सापडेपर्यंत 'कॉम्पॅक्ट' (फाईल आटवून जागा मोकळी करणारी सोय) करू नका. डिलीट केलेले मेलसुद्धा तोवर त्या मोठ्या फाईलमध्ये असतात, नंतर कायमचे जातात.