समुद्रात मशीनची पॉवर उतरली? या चुका टाळा

सकाळी मशीन एकदम मस्त चालू होतं, खाडीतून बाहेर पडलात, तासभर गेलात, निवती रॉकच्या बाजूला तांबोशी माशाची जागा आता दिसायला लागली आणि तेवढ्यात होडी जड पडली. मशीन बंद नाही झालं, पण थ्रॉटल पूर्ण दिला तरी निम्म्या स्पीडने जातंय. मालवण-वेंगुर्ल्याकडे ओबीएमवर, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मशीनवर, जाणाऱ्या कुणालाही विचारा, हे त्याच्यासोबत कधी ना कधी झालेलं असतंच. आणि अशा वेळी लोक ज्या चुका करतात ना, त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या पाच मिनिटांतल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थ्रॉटल अजून पिळणं. पॉवर कमी झाली की हात आपोआप तिकडेच जातो, पण मशीन पेट्रोलसाठी तडफडत असेल किंवा आतून तापलं असेल तर तुम्ही त्याला मारून टाकताय हे लक्षात घ्या. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे पेट्रोल कमी तर तेलही कमी, आणि वर फुल थ्रॉटल, पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

त्याऐवजी स्पीड कमी करा आणि कान द्या. मला विचाराल तर सगळं निदान इथेच अर्धं होतं. होडी मंदावली तेव्हा मशीनचा आवाज पडला की चढला? आवाज पण पडला, मशीन गुदमरल्यासारखं करतंय, तर भानगड पेट्रोल, प्लग नाहीतर तापण्याची. मशीन उलट जोरात किंचाळतंय आणि होडी मात्र जाग्यावर, तर मशीन चांगलं आहे, भानगड खाली पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे आहे. हे न बघता लोक थेट वरचं झाकण काढतात आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात, मग मूळ बिघाड राहतो बाजूला आणि सेटिंग पण जातं. हलत्या होडीत कार्बोरेटर खोलू नका हो, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, हातातून सुटला की गेला समुद्रात.

आणि हात लावायच्या आधी नांगर टाका, खोली जास्त असेल तर निदान वारा कुठे नेतोय ते बघा. दुपारनंतर समुद्रावरून वारा लागतो आणि होडी हळूहळू खडकाकडे जाते, आपण मान खाली घालून मशीनमध्ये असतो त्यामुळे कळतच नाही.

पेट्रोलचा रस्ता आधी बघा

पहिली गोष्ट टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. हा बंद राहिला की मशीन सुरुवातीला छान चालतं, मग टाकीत हवा शिरत नाही म्हणून आत खेच तयार होते, पेट्रोल यायचं कमी होतं आणि थोड्या वेळाने पॉवर जाते. बंद करून जरा थांबलं की परत चालू, परत तेच. मेकॅनिककडे नेल्यावर काहीच सापडत नाही कारण तिथे ते तेवढा वेळ चालवतच नाहीत. वाहतूक करताना हा स्क्रू बंद ठेवायचा आणि मशीन चालू करताना उघडायचा, बस एवढंच, पण हीच गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

मग पाइपवरचा रबरी पंप, तो हातात घेऊन दाबून बघा, तो बरंच काही सांगतो. चपटा होऊन आत ओढलेला दिसला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे, म्हणजे हवेचा स्क्रू, टाकीतल्या पाइपची जाळी, नाहीतर पाइप कुणाच्या पायाखाली किंवा कॅनखाली दबलाय. कितीही दाबला तरी मऊच राहतो, कडक होतच नाही, तर कुठूनतरी हवा घेतोय, बहुतेक वेळा कनेक्टरमधली छोटी रबरी रिंग गेलेली असते किंवा क्लिप सैल असते. दाबताना पंप उभा धरा, बाण वर, मशीनच्या दिशेने, आडवा धरून दाबत बसलात तर भरत नाही आणि उगाच तो खराब झालाय असं वाटतं.

आता मशीन चालू ठेवून दुसऱ्याला तो पंप हळूहळू दाबायला सांगा. पॉवर परत आली तर नक्की समजा की पेट्रोल पुरत नाहीये, मशीनवरच्या फ्युएल पंपाचा पातळ पडदा कमजोर झालाय किंवा मध्ये हवा जातेय. तसंच दाबत दाबत घरी येता येतं, फक्त जोरात दाबू नका, कार्बोरेटर तुडुंब भरला की मशीन बंद पडेल. दाबून फरक नाही पण चोक थोडासा ओढल्यावर मशीन उचलतंय, तर फिल्टर किंवा मेन जेटमध्ये कचरा आहे. आणि हो, सकाळी ओढलेला चोक पूर्ण आत गेलाय का तेही बघा, अर्धा राहिला तर काळा धूर, पेट्रोलचा वास आणि पॉवर नाही, असं होतं.

पावसाळ्याचं जुनं पेट्रोल

याबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मशीन घरात पडून, कॅनमध्ये अर्धं पेट्रोल तसंच, आणि ऑगस्टमध्ये तेच टाकीत ओतून निघतात. आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कोकणातल्या पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये तर विचारूच नका. पाणी एका मर्यादेच्या बाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात, आणि टाकीतला पाइप नेमका तळातूनच ओढतो. किनाऱ्यावर कळत नाही, बाहेर लाटांवर टाकी हलली की मशीनला झटके बसायला लागतात. तपासायची पद्धत सोपी आहे, तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनला घालू नका. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घेतला तर खर्च जास्त नाही, पण त्यालाही खाली साठलेलं पाणी अधूनमधून काढावं लागतं, नुसता लावून ठेवून चालत नाही.

तेलाचं पण तेच. बऱ्याच टू-स्ट्रोक मशीनना ५० ला १ लागतं, म्हणजे १० लिटरला २०० मिली, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा आणि मापानेच घाला. ‘जरा जास्त घातलं तर बरं’ हे डोक्यातून काढा, जास्त तेलाने प्लग काळे ओले होतात आणि एक सिलिंडर झोपतं. दोनपैकी एक सिलिंडर गेलं की मशीन चालतं पण थरथरतं आणि ताकद निम्मी. मासे पकडायला पाण्यात लाइन ओढत तासन् तास एकदम स्लो चालवल्यावर हे जास्त होतं, म्हणून मधे मधे थोडा वेळ स्पीड द्या. बाइकचं तेल घालू नका, ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, आपल्याला पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं पाहिजे. जादा प्लग आणि प्लगचा पाना होडीत असलाच पाहिजे, यावर माझं तरी दुसरं मत नाही.

पाण्याची धार

मशीनमागून पाण्याची बारीक धार पडत असते, ती बघायची सवय लावा, चालू केल्या केल्या आणि मग अधूनमधून. धार थांबली की मशीन तापायला लागलं. नवीन मशीन अशा वेळी बझर देतं आणि स्वतःच आरपीएम खाली आणतं, लोकांना वाटतं बिघडलं, पण ते स्वतःला वाचवत असतं, जुन्यांमध्ये हे नसतं. खडक जवळ नसेल तर लगेच बंद करा, वर उचला, खाली पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलीय का बघा, खाडीच्या तोंडाला हे फार होतं. कधी कधी फक्त धारेचं भोक मिठाने नाहीतर वाळूने बुजलेलं असतं, जाड तंगूसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा तुकडा घालून मोकळं करा. तापलेल्या मशीनवर थंड पाणी मात्र ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो, आपोआप थंड होऊ दे. भोक मोकळं, जाळी साफ, तरी धार नाही म्हणजे आतला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर गेला, मग मदत मागवा. किनाऱ्यावर पाण्याशिवाय मशीन चालू करून बघणारे लोक इम्पेलरची वाट लावतात, काही सेकंद पण पुरतात.

आवाज चढला तर

मशीन बंद, किल स्विचची (मशीन लगेच बंद करायच्या स्विचची) दोरी काढलेली, गिअर न्यूट्रल, मगच पंख्याला हात. तंगूस किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो, वरवरचा कापून भागत नाही, पंख्याच्या मागे शाफ्टवर बसलेला तंगूस सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी जातं, घरी आल्यावर ते ऑइल दुधासारखं दिसलं तर समजा. पंखा स्वच्छ आहे तरी मशीन किंचाळतंय, तर पंख्याच्या आतलं रबर सटकलंय. यासाठी आधीच पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की सटकलं. अशा पंख्यावर अगदी कमी स्पीडने बऱ्याचदा घर गाठता येतं. होडीत साठलेलं पाणी आणि मागे बसलेली चार माणसं हे पण बघा, वजनाने पण होडी तशीच जड पडते.

काहीच जमत नसेल तर अंधार पडायची वाट बघू नका. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. आणि कमजोर मशीन घेऊन ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून आत यायचा प्रयत्न अजिबात करू नका, तिथे वाळूच्या बांधावर लाटा फुटतात आणि पाणी बाहेर ओढत असतं, मशीन मधेच अडखळलं तर होडी आडवी होते. भरती लागेपर्यंत बाहेर नांगरावर थांबा, लाइफ जॅकेट घाला, आणि घरी फोन करून सांगा की उशीर होईल.