आफ्रिकन सिक्लिडची टाकी: मासे सगळ्यात शेवटी

दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून जी टाकी दाखवतात तिच्यात मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया अशा आफ्रिकेतल्या तीन सरोवरांचे सिक्लिड मासे एकत्र कोंबलेले असतात. तिथून 'दोन हे, दोन ते' करत पिशवी भरून आणलीत तर महिन्याभरात एकच मासा उरेल, आणि तो सगळ्यात भांडखोर असेल. म्हणून आधी एक सरोवर ठरवा. मी इथे फक्त मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या म्बुनांबद्दल सांगतोय. आपल्याकडे सहज मिळतात ते हेच, आणि सल्ल्यांचा सर्वाधिक गोंधळही यांच्याच बाबतीत.

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. 'तीन फुटी चालते हो' म्हणणाऱ्याला टाकी विकायची असते. या माशांना उंचीचं काही पडलेलं नसतं, पळायला लांबी लागते. पाणी, काच, दगड मिळून वजन ३०० किलोच्या वर जातं, तेव्हा लोखंडी स्टँडच घ्या. टीव्हीच्या युनिटवर ठेवायचं डोक्यातून काढून टाका. टाकीखाली थर्माकोल.

दगड आधी, वाळू नंतर. म्बुना वाळू उकरतात, आणि वाळूवर रचलेला दगड एके दिवशी काचेवर येतो. दगड थेट तळाच्या काचेवर बसवा आणि मग भोवती इंचभर वाळू पसरा. मला सगळ्यात आवडतात ते पॉलिश न केलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे. फरशीवाल्याकडे पडून असतात, सपाट असल्यामुळे एकावर एक नीट बसतात, आणि मुळात चुनखडक असल्याने पाणी आम्ल करत नाहीत. काळा बेसॉल्टही चालतो, त्याचा पाण्याला ना फायदा ना तोटा. प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीत, एकाच तोंडाची कपार म्हणजे पळणाऱ्या माशाला सापळा. पोवळ्याचे तुकडे कोणी देऊ केले तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

फिल्टर तासाला टाकीतलं पाणी सहा-आठ वेळा फिरवेल इतका. हीटर २५ अंशांवर. मुंबईत तो बहुतेक वर्षभर बंदच राहील, पुण्या-नाशिकच्या थंडीत लागेल.

पाण्यात मीठ टाकायचा सल्ला हमखास मिळेल. मलावी हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे, समुद्र नाही. तिथलं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ७.७ ते ८.६. आपल्या धरणांचं पाणी बहुतेक मऊ, म्हणजे त्यात कार्बोनेट कमी. बोअरचं पाणी अनेकदा आहे तसंच चालतं, मोजून बघा. कार्बोनेट कमी असेल तर स्वयंपाकघरातला खायचा सोडा घाला: ५० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. त्याने केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, सुमारे ३ अंशांनी वाढतो. धुण्याचा सोडा नव्हे, बेकिंग पावडरही नव्हे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला दुकानातले हायपोचे खडे किंवा अँटीक्लोरीनचे थेंब.

एवढं करायला एक रविवार पुरतो. नंतर जे येतं त्यात बहुतेकांची टाकी फसते, आणि मलाही सर्वाधिक झटापट तिथेच करावी लागली.

'फिल्टर दोन दिवस चालू ठेवा आणि मासे सोडा.' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नुसतं पाणी फिरवून काहीही तयार होत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि दगडांवर वस्ती करतात, आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. गप्पीच्या टाकीत या काळात चालढकल खपून जाते, आपल्या टाकीत खपत नाही. कारण पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८.२ ला तोच सुमारे ८ टक्के. अमोनिया मोजायचं किट तेवढाच आकडा दाखवतं, विष मात्र चौदापट.

म्हणून वस्ती माशांशिवाय उभी करायची. 'आधी दोन स्वस्तातले मासे सोडून बघा' हा सल्ला क्रूर तर आहेच, शिवाय बिनकामाचा: दोन माशांच्या अमोनियावर दोन माशांपुरतेच जीवाणू वाढतात.

अमोनियासाठी लागतो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय कोण जाणे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्या. २५ ग्रॅम पावडर विरघळवून एक लिटर द्रावण करा, बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. दगड मांडल्यावर आपल्या टाकीत साधारण २०० लिटर पाणी मावतं. त्यात या द्रावणाचे ५० मिली टाकले की अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, होतो. तेवढाच टाका. जास्त टाकल्याने काम लवकर होत नाही, उलट अडतं.

मोजायला थेंबांचं किट घ्या, पट्ट्यांवर पैसे घालवू नका. सुरुवातीचे दिवस अमोनियाची नळी हिरवी ती हिरवीच. मग एके सकाळी ती पिवळसर दिसते, आणि त्याच दिवशी नायट्राइटची नळी आकाशी सोडून जांभळी होते. इथून पुढे अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ५० मिली. नायट्राइटचा जांभळा रंग मात्र दोन-तीन आठवडे हलत नाही. या टप्प्यावर माणूस मेटाकुटीला येतो, बाटलीबंद जीवाणू आणतो, फिल्टर धुतो, नाहीतर सरळ मासे आणतो. यातलं काही करू नका. रंग किटच्या तक्त्याबाहेर गेला असेल तर अर्धं पाणी बदला आणि डोस निम्मा करा. जीवाणू पाण्यात नसतात, पाणी बदलल्याने ते जात नाहीत. स्पंज नळाखाली धरलात तर मात्र क्लोरीनने जातील.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. हे जीवाणू काम करताना पाण्यातलं कार्बोनेट खातात. २ पीपीएमचा एक डोस पचवायला केएच सुमारे ०.७ अंशाने उतरतो. मऊ पाण्याचा केएच ३ असेल तर चार-पाच डोसांत खडखडाट, पीएच धाडकन खाली, आणि सहाच्या आसपास जीवाणूंचं काम जवळपास थांबतं. शहाबादी विरघळते, पण इतकी भराभर नाही. तेव्हा 'कालपर्यंत अमोनिया उतरत होता, आज हलत नाही' असं झालं की नवसागराला हात न लावता आधी पीएच मोजा. उतरला असेल तर चार चमचे खायचा सोडा. बहुतेक वेळा दोन दिवसांत गाडी सुरू होते. दुसरा संशयित वीज: कॅनिस्टर फिल्टरच्या हवाबंद डब्यात प्रवाह थांबला की काही तासांत प्राणवायू संपतो. लोडशेडिंग असेल तिथे इन्व्हर्टरवर एक स्पंज फिल्टर हवाच.

कोणा मित्राची निरोगी, चालू टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओल्यानेच आणून आपल्या फिल्टरमध्ये खोचा. हा एकच शॉर्टकट मला मान्य आहे.

संध्याकाळी २ पीपीएम टाकून दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य, असं सलग दोन दिवस आलं की टाकी तयार. साठलेलं नायट्रेट काढायला तीन चतुर्थांश पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा. उशीर झाला तर जीवाणू उपाशी राहतात, तोवर डोस चालू ठेवा.

आणि मासे सगळे एकाच दिवशी. एवढे आठवडे थांबण्याचं खरं बक्षीस हेच. म्बुनांमध्ये जो आधी येतो तो कपारी बळकावतो आणि मागाहून येणाऱ्याला झोडपतो. सगळे एकत्र आले तर कोणाचंच घर ठरलेलं नसतं. यलो लॅब, रस्टी आणि असेई या म्बुनांच्या तीन जाती, प्रत्येकी सहा-सात पिल्लं: पिवळा, विटकरी-जांभळा, निळा. रंग वेगळे असले की नर एकमेकांना प्रतिस्पर्धी धरत नाहीत. यलो लॅबबरोबर रेड झेब्रा ठेवू नका, संकर होतो. ऑराटस हा भांडखोर म्बुना कितीही देखणा दिसला तरी नको.

खाणं स्पिरुलिना शेवाळाचं, थोडं. ट्युबिफेक्स किडे अजिबात नकोत, हे शेवाळ खरवडणारे मासे आहेत आणि असल्या खाण्याने त्यांची पोटं फुगतात. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. नव्या पाण्यात सोडा त्याच प्रमाणात.

पिल्लांत नर-मादी ओळखू येत नाही. काही महिन्यांनी रंग गडद करून एकच कपार राखणारे दिसतील, ते नर. एका जातीत एक नर आणि तीन-चार माद्या ठेवा, बाकीचे नर दुकानदाराला परत द्या. एखादा मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे शेपूट फाटलेल्या अवस्थेत उभा दिसला तर लोक त्याला बाहेर काढतात. औषधपाण्यासाठी काढा, पण मारणारा टाकीतच राहिला तर पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यात दुसरा मासा असेल. आठ-दहा दिवस बाहेर ठेवायचं ते मारणाऱ्याला, आणि परत सोडताना आधी दगडांची मांडणी बदला. त्यासाठी एक झाकणाचा मोठा टब हाताशी असू द्या. त्याचा स्पंज फिल्टर एरवी मोठ्या टाकीतच चालत ठेवा, म्हणजे ऐनवेळी तो तयार मिळेल.