पिनो न्वार निवडताना आणि पिताना या चुका टाळा

नाशिकच्या शिराझची किंवा कॅबर्ने सोव्हिन्योंची, म्हणजे गडद रेड वाइनची, सवय झालेला माणूस पहिल्यांदाच पिनो न्वार ही त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन पेल्यात ओततो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की यात पाणी घातले आहे का. पेल्यामागे धरलेली बोटे वाइनमधून स्पष्ट दिसतात, थोडी जुनी बाटली असेल तर कडेचा रंग विटकरी झालेला असतो, आणि किंमत मात्र शेजारच्या काळ्याभोर बाटलीपेक्षा अनेकदा जास्त असते. मग फसवणूक झाल्याची भावना होते. या वाइनविषयीच्या बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: थंड हवेत घडलेल्या वाइनला आपण उष्ण हवेतील रेड वाइनचे माप लावतो.

फिका रंग म्हणजे पातळ वाइन नव्हे

पिनो न्वारच्या मण्याची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्य बेताचेच असते. शिवाय इतर काळ्या द्राक्षांच्या वाइनला गडद रंग देणारे अँथोसायनिन या रंगद्रव्याचे काही प्रकार या जातीत मुळातच नसतात. गर तर रंगहीनच असतो. म्हणूनच शॅम्पेन प्रांतात याच काळ्या द्राक्षाचा रस सालींपासून लगेच वेगळा करून पांढरी फसफसती वाइन करतात. तेव्हा रेड वाइनमध्ये जो काही रंग येतो तो आंबवणीच्या काळात सालींतून उतरतो, आणि इथे उतरण्यासारखे फारसे नसते.

या वाइनचा जीव तिच्या गंधात आणि आंबटपणात आहे. तरुण बाटलीत चेरीचा आणि रासबेरीचा वास असतो; महाबळेश्वरला ताजी रासबेरी खाल्लेल्याला तो लगेच ओळखू येईल. चांगल्या बाटलीला आठ-दहा वर्षे मिळाली, की त्याखालून ओला पालापाचोळा, भूछत्रे आणि क्वचित जुन्या चामड्याचा वास वर येतो. टॅनिन, म्हणजे सालींतून येणारे तुरट द्रव्य, असते, पण ते जिभेला रखरखीत लागत नाही.

उलट, पिनो न्वार शाईसारखी काळी दिसली तरच शंका घ्यावी. कॅलिफोर्नियाच्या बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव छापायला त्या जातीचा वाटा ७५ टक्के असला तरी कायद्याने पुरते, आणि उरलेल्या वाट्यात सिरासारखे (म्हणजे शिराझसारखे) गडद द्राक्ष मिसळण्याची वाट मोकळी राहते. ऑरेगन राज्याने हीच अट ९० टक्क्यांची ठेवली आहे.

‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला आपल्यासाठी नाही

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातील जुन्या, दगडी भिंतींच्या घरांतून आला आहे, आणि त्या खोल्या सोळा-सतरा अंशांच्या असत. पुण्यातील मे महिन्यातील खोली पस्तीस अंशांची असते. त्या उष्णतेत पिनो न्वारमधील अल्कोहोल सर्वांत आधी नाकात शिरते, फळाचा गंध त्याखाली दबतो आणि वाइन गोडसर, ढिली लागते. हिला चौदा ते सोळा अंश मानवतात. खोलीत ठेवलेली बाटली उन्हाळ्यात दोन-अडीच तास फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीजमध्येच ठेवलेली असेल तर ओतण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे बाहेर काढावी. बर्फ घालू नये, कारण इतक्या नाजूक वाइनमध्ये पाण्याचा प्रत्येक चमचा जाणवतो.

साठवणुकीतील चूक याहून महाग पडते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. भेट मिळालेली एक बाटली ‘योग्य प्रसंगासाठी’ म्हणून स्वयंपाकघरातील वरच्या फडताळात ठेवली होती. फडताळाच्या पलीकडच्या भिंतीवर दुपारचे ऊन येत होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. दोन उन्हाळे गेल्यावर तिचे वेष्टन सोलले, तर बूच काचेच्या कडेच्या वर पाव सेंटीमीटर उचलले गेले होते आणि त्याच्या बगलेने एक काळपट चिकट ओघळ खाली उतरून वाळला होता. आत चेरी होती, पण ती पाकात फार वेळ आटवलेल्या मोरंब्यातील चेरी होती. बाटलीचे बूच असे वर आलेले दिसले, तर ती बाटली दुकानातच नाकारावी. घरी वाइनसाठी वेगळा फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात काही महिने ठेवणे फडताळापेक्षा केव्हाही बरे.

‘थंड प्रदेश’ या शब्दाचा चुकीचा अर्थ

पिनो न्वारला थंडी आवडते, असे सर्रास म्हटले जाते. वेलीला थंडी आवडत नाही. तिला सावकाश पिकणे मानवते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील कोत द’ओर ही साधारण पन्नास किलोमीटर लांबीची डोंगरउताराची अरुंद पट्टी ४७ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तिचा उतार मुख्यतः पूर्वेकडे असल्याने सकाळचे ऊन लवकर मिळते, आणि मधल्या उतारावरील चुनखडीच्या मातीत पाणी साचून राहत नाही. पिनो न्वार ही लवकर पिकणारी जात आहे. उष्ण प्रदेशात तिच्यातील साखर धावत सुटते, आंबटपणा पडतो, आणि गंध तयार व्हायच्या आत द्राक्ष काढावे लागते. बरगंडीत घड पिकत येतात तेव्हा दिवस आखडत आणि रात्री गारठत असतात.

नाशिकमध्ये नेमके याच्या उलट घडते. आपल्याकडे वेल युरोपातल्यासारखा हिवाळी विश्रांती घेत नाही, म्हणून एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी अशा दोन छाटण्या करून पीक एकदाच घेतात. ते फेब्रुवारी-मार्चकडे काढणीला येते, म्हणजे हवा तापत असताना. तेव्हा ‘नाशिकलाही हिवाळ्यात थंडी असते, मग आपल्याकडे बरगंडीसारखी पिनो का होत नाही’ या प्रश्नाचे उत्तर थंडी किती यात नसून ती केव्हा, यात आहे.

खरी थंडी तर या वेलीची वैरीण आहे. तिचे डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलमधील एखाद्या रात्रीच्या गोठलेल्या दहिवराने कोवळी फूट जळून जाते. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये बरगंडीत असेच झाले. शेतकऱ्यांनी पहाटे ओळींमधून मेणाच्या मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवल्या, काहींनी पेंढा जाळून धूर केला. निफाडच्या कडाक्यात मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे दृश्य परके वाटणार नाही. भरीस भर म्हणजे घड घट्ट, चीड (पाइन) या झाडाच्या फळासारखा, आणि त्या साम्यावरूनच ‘पिनो’ हे नाव पडले असे सांगतात. असा घड पावसात भिजला, की आत हवा न खेळल्यामुळे कूज चटकन लागते.

हे हवामान आता स्थिरही राहिलेले नाही. बरगंडीतील बोन या गावाच्या द्राक्षकाढणीच्या १३५४ पासूनच्या नोंदी संशोधकांनी २०१९ मध्ये एकत्र मांडल्या. त्यांनुसार १९८७ पर्यंत काढणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे, आणि १९८८ नंतर ती सुमारे तेरा दिवस अलीकडे आली आहे. म्हणून जुन्या वर्णनांवर विसंबून ‘बरगंडी म्हणजे हलकी, साडेबारा टक्के अल्कोहोलची’ असे गृहीत धरू नये. बाटलीवरील आकडा वाचावा.

लेबलवर द्राक्षाचे नाव शोधू नका

बरगंडीच्या चांगल्या बाटलीवर पिनो न्वार ही अक्षरे बहुधा नसतात, गावाचे किंवा बागेचे नाव असते. याचे मूळ इतिहासात आहे. १०९८ मध्ये बरगंडीतील सितो येथे स्थापन झालेल्या मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी पुढील शतकांत क्लो द वूजोसारख्या बागा उभ्या केल्या आणि कोणत्या तुकड्याची वाइन कशी उतरते यावर लक्ष ठेवले. (ते माती चाखून पाहत असत, ही कथा मात्र रंगवलेली वाटते.) पुढे ३१ जुलै १३९५ रोजी बरगंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस पीक देणाऱ्या गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला आणि पिनोची बाजू घेतली. सहाशे वर्षांनी, १९९९ मध्ये, डीएनए तपासणीतून कळले की गामे ही पिनोचीच संतती आहे. दुसरा पालक गुए ब्लां नावाचे सामान्य समजले जाणारे पांढरे द्राक्ष. ड्यूकने हाकलले ते लाडक्याच्या घरचेच लेकरू होते.

लेबल वाचताना फसण्याची जागा जोडनावांत आहे. शांबेर्तां ही सर्वोच्च, म्हणजे ग्रां क्रू दर्जाची एक बाग आहे. तिच्या कीर्तीचा लाभ मिळावा म्हणून जव्रे या गावाने १८४७ मध्ये तिचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले आणि ते जव्रे-शांबेर्तां झाले. शेजारच्या गावांनीही पुढे हाच मार्ग धरला. त्यामुळे नुसते ‘शांबेर्तां’ आणि ‘जव्रे-शांबेर्तां’ यांत एका शब्दाचा फरक असला, तरी दर्जात दोन पायऱ्यांचा आणि किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. एरवी पायऱ्या सोप्या आहेत: तळाशी नुसते बूर्गोन्य (बरगंडीचे फ्रेंच नाव), त्यावर गाव, त्यावर प्रमिए क्रू आणि शेवटी ग्रां क्रू. तरीही बाग हे अंतिम प्रमाण नव्हे. पन्नास हेक्टरांच्या एकट्या क्लो द वूजोचे आज सुमारे ऐंशी मालक आहेत, आणि एकाच नावाच्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. म्हणून उत्पादकाचे नाव बागेच्या नावाइतकेच महत्त्वाचे मानावे. पहिल्यांदा घेणाऱ्याने चांगल्या उत्पादकाचे साधे बूर्गोन्य घ्यावे, असे माझे मत आहे, आणि ते दोन-चार वर्षांत पिऊन टाकावे. सगळीच बरगंडी ठेवून सुधारते असे नाही.

जेवणाबाबत थोडक्यात: झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत ही वाइन देऊ नये. तिखटाने अल्कोहोल आणखी जळजळीत लागते आणि गंध हरवतो. भाजलेली कोंबडी, लोणी-मिऱ्यात परतलेली अळंबी किंवा कमी तिखटाची, शेंगदाण्या-तिळाच्या वाटणाची भरली वांगी यांच्याशी तिचे जुळते.

वास खटकला तर

जुन्या पिनोतील भूछत्राचा, ओल्या पानांचा वास हा दोष नाही. तो पेल्यात हलवल्यावर खुलत जातो आणि त्याच्यासोबत फळही जाणवते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद खोलीत कुबट झालेल्या गोणपाटाचा वास आला, फळ पूर्ण गायब असले आणि वीस मिनिटांनी वास कमी होण्याऐवजी वाढला, तर तो बुचातून आलेला दोष आहे. त्याच्यावर उपाय नाही. काडेपेटीची जळकी काडी किंवा उकडलेले अंडे आठवले, तर घाबरू नये. तो हवेअभावी कोंडलेला गंधकाचा वास असतो आणि वाइन एकदा जगमध्ये ओतून घेतली की बहुधा उडून जातो. मात्र पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीवर हा उपाय करू नये, कारण तेवढ्या हवेने तिचा उरलेला गंधही अर्ध्या तासात निघून जातो. ती थेट पेल्यात, तळाचा गाळ न हलवता ओतावी.

हॉटेलात वेटर पेल्यात थोडी वाइन ओतून थांबतो, तो हे दोष तपासण्यासाठी. तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर संकोच न करता बाटली बदलून मागावी. रंग फिका आहे, या कारणाने मात्र ती परत करता येणार नाही.