ऑर्गनवरचे लाकडी देवदूत नेमके कोणी कोरले? बरोक (म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय शैलीच्या) शिल्पांचा शिल्पकार शोधायचा तर

युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये गॅलरीत भलामोठा पाईप ऑर्गन असतो, आणि त्याच्या लाकडी केसवर, म्हणजे बाहेरच्या कपाटासारख्या सांगाड्यावर, कर्णे फुंकणारे देवदूत, हार्प घेतलेला बायबलमधला राजा डेव्हिड, कॅथलिक चर्च असेल तर बरेचदा संगीताची संत सेंट सिसिलिया, अशी सगळी मंडळी बसलेली असतात. माहितीफलकावर ऑर्गन बिल्डरचं नाव ठळक असतं आणि शिल्पकाराचा बहुतेक वेळा पत्ताच नसतो. मग कोणीतरी त्या भागातला एखादा प्रसिद्ध शिल्पकार पकडतो, 'त्याचंच वाटतंय' म्हणतो आणि पुढची शंभर वर्षं सगळे तेच छापत राहतात. हे टाळायचं तर काम उलट्या बाजूने करायला लागतं, म्हणजे नाव सगळ्यात शेवटी, आधी हे बघायचं की ही शिल्पं याच केसची आहेत का, आणि केस याच चर्चची आहे का.

पहिली गोष्ट, ऑर्गन बिल्डरचं नाव आणि साल डोक्यातून काढून टाका. नेदरलँड्समधल्या आल्कमारचा मोठा ऑर्गन श्निटगरचा म्हणून जगभर ओळखला जातो, कारण फ्रान्स कास्पर श्निटगरने 1723 ते 1725 मध्ये तो नव्याने बांधला, पण ती भव्य केस त्याच्या आधीची, 1640 च्या आसपासची, वास्तुरचनाकार याकोब फान काम्पेनच्या डिझाईनची आहे. म्हणजे 1725 धरून शिल्पकार शोधायला निघालात तर तुमची सुरुवातच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं चुकली. आणखी गंमत म्हणजे ऑर्गन चक्क गावं बदलतात. उत्तर जर्मनीतल्या काप्पेल नावाच्या छोट्या गावात जो आर्प श्निटगरचा ऑर्गन आहे तो 1680 चा, हॅम्बुर्गच्या सेंट योहानिसमधला, आणि काप्पेलला आला 1816 मध्ये, तर तिथे बसून आसपासच्या खेड्यांतले कोरीवकाम करणारे शोधत बसण्यात काही अर्थ नाही. आणि ल्यूनेबुर्गच्या सेंट योहानिससारख्या ठिकाणी तर एकाच केसमध्ये दोन काळ आहेत, मधला भाग 1553 चा आणि बाजूचे पेडल टॉवर्स (पायाने वाजवायच्या सुरांच्या मोठ्या पाईपांचे मनोरे) 1710 च्या दशकात माथियास ड्रोपा या ऑर्गन बिल्डरने जोडलेले. त्यामुळे प्रत्येक टॉवर, प्रत्येक पुतळा वेगळा आरोपी समजून चौकशी करायची, सरसकट निकाल द्यायचा नाही.

काळ ठरवायला पुतळ्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूची नक्षी जास्त प्रामाणिक असते असं माझं मत आहे. चेहरे गोड करायची सवय सगळ्यांनाच असते पण नक्षीची फॅशन पटापट बदलते. ढोबळ हिशोब असा, कानाच्या पाळीसारखी मऊ, वितळल्यासारखी नक्षी असेल तर सतराव्या शतकाचा पूर्वार्ध ते मध्य, जाडजूड वळणदार अकँथसची (एका काटेरी झुडपाची) पानं असतील तर साधारण 1680 ते 1720, पातळ पट्ट्या एकमेकांत गुंफलेल्या असतील तर त्यानंतरची दोनेक दशकं, आणि शिंपल्यासारखी वाकडीतिकडी रोकोको नक्षी 1730 च्या पुढे. लहान गावात फॅशन उशिरा पोचते हे धरून चालायचं, म्हणून मी तरी नेहमी पुढच्या बाजूला थोडी सूट देतो.

आता वर चढायचं, अर्थात चर्चची परवानगी काढून, आणि शक्यतो दुरुस्तीसाठी परांची लागलेली असतानाच, कारण तेव्हाच पुतळ्याची पाठ बघायला मिळते. खरी माहिती पाठीतच असते. लाकूड वाळताना तडकू नये म्हणून मोठे पुतळे मागून पोखरलेले असतात, आणि तिथले हत्याराचे घाव कोणी घासून गुळगुळीत केलेले नसतात, त्यामुळे गोल छिन्नी केवढी रुंद होती, फटके कुठल्या दिशेने मारले, हे सगळं तसंच्या तसं दिसतं. डोक्याच्या वर एखादं बुजवलेलं भोक सापडेल, ओंडका बाकावर आडवा अडकवून फिरवण्यासाठीचं. टॉर्च समोरून न धरता एकदम बाजूने, पृष्ठभागाला टेकवल्यासारखा धरा, मग रंगाच्या थराखालचे जोड दिसायला लागतात, पंख कुठे खुंटीने बसवलेत, मनगट कुठे जोडलंय. आणि इथे एक पक्कं लक्षात ठेवायचं, हात, बोटं, कर्णे आणि पंखांची टोकं हेच सगळ्यात आधी तुटतं आणि नवीन बसवलं जातं, त्यामुळे एका सुंदर हातावरून शिल्पकार ठरवू नका. खिळेही बघा, तारेचे गोल एकसारखे खिळे दिसले तर तो तुकडा एकोणिसाव्या शतकात किंवा नंतर ठोकलाय, हाताने घडवलेले चौकोनी खिळे असतील तर जुना असू शकतो. वरचा रंग आणि सोन्याचा मुलामा यावर तर अजिबात विश्वास नको, कारण ऑर्गनच्या अनेक केस दोन-तीनदा रंगवलेल्या असतात आणि जाड रंगाखाली पुतळ्यांच्या पापण्या आणि डोक्यावरच्या केसांच्या बटा बुजून सगळे चेहरे सारखेच बावळट दिसायला लागतात.

तुलना करायची ती कानाची, पापणीच्या कडेची, नाकपुडीची, केसांची बट कुठून सुटते त्याची, आणि गुडघ्यावर कापडाची चुणी कशी मोडते त्याची. एकोणिसाव्या शतकात जोव्हानी मोरेल्ली या इटालियन कलातज्ज्ञाने चित्रांसाठी हीच युक्ती लावली होती, की कलाकार जिथे विचार न करता हात चालवतो तिथे त्याची सवय सापडते. शिल्पात ती चालते पण जपून, कारण वर्कशॉपमध्ये उस्ताद चेहरा करणार आणि कारागीर पाय आणि ढग करणार असा मामला असायचा. शिवाय हे पुतळे खालून बघायला केलेले असतात, म्हणून मान लांब, कपाळ पुढे, घाव खोल, तर परांचीवरून समोरासमोर काढलेल्या फोटोची तुलना खालच्या वेदीवरच्या बारीक कामाशी केली तर तोच माणूस असला तरी ओळखू येणार नाही. फोटो दोन्हीकडून काढा, खालून आणि समोरून. आणि ज्याच्याशी तुलना करताय ते काम कागदपत्रांनी सिद्ध झालेलं पाहिजे, नाहीतर एका अंदाजावर दुसरा अंदाज.

लाकूडही बोलतं. नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीत ओक जास्त, दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडे लिंडेन या झाडाचं मऊ लाकूड. ओकच्या वार्षिक वलयांवरून साल काढता येतं, पण कीड लागते म्हणून कारागीर बाहेरचं कोवळं लाकूड काढून टाकायचे आणि मग निकाल फक्त 'अमुक सालानंतर' एवढाच येतो. लिंडेनची वलयं पुसट, तिथे ही पद्धत क्वचितच कामाला येते.

मग चर्चचे हिशोबाचे जुने कागद. तिथे 'ऑर्गन' शब्दावर थांबू नका, सुतार, कोरीवकाम करणारा, रंगारी यांना वेगवेगळे पैसे दिलेले असतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनजवळच्या आउटहाउझेनला 1701 च्या आर्प श्निटगर ऑर्गनची केस आलर्ट मेयरची आणि कोरीवकाम यान डी रायकचं, म्हणजे तीन माणसं. नेदरलँड्समधल्याच हार्लेमच्या सेंट बाफो चर्चमध्ये क्रिस्टियान म्यूलरच्या 1738 मध्ये पूर्ण झालेल्या ऑर्गनवरची शिल्पं यान फान लोख्तेरेनची, पण खालचा संगमरवरी समूह यान बाप्टिस्ट झेवेरीचा, तर एका नजरेत दिसणारं सगळं एका हातचं नसतं. कधीकधी ऑर्गन बिल्डरच कोरीवकाम करणाऱ्याला परस्पर पैसे द्यायचा, तेव्हा चर्चच्या वहीत त्याचं नाव सापडणारच नाही, आणि नाव नाही म्हणजे तो नव्हताच असं होत नाही.

शेवटी लिहिताना शब्द मोजून वापरा. पावती किंवा सही असेल तरच 'अमक्याचं काम'. शैली आणि काळ दोन्ही जुळले पण कागद नाही, तर 'अमक्याचं असावं'. दर्जा कमी पण सवयी त्याच, तर 'अमक्याचं वर्कशॉप', आणि नुसता सारखेपणा असेल तर 'त्या वर्तुळातला कोणीतरी'. प्रत्येक पुतळ्यासमोर वेगळी नोंद करा, कुठला भाग मूळ, कुठला नंतरचा, आणि कुठला पुरावा मिळाला तर तुमचं मत बदलेल तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी परांची लागेल तेव्हा वर चढणाऱ्याला नेमकं काय बघायचं ते कळेल.