घर बांधताय? पैसा गळतो तो या चुकांमधून

सिमेंटचा भाव दहा रुपयांनी उतरेल म्हणून लोक आठ-आठ दिवस थांबतात आणि वाळूची गाडी मात्र न मोजता उतरवून घेतात. बार्शीजवळ घर बांधताना पहिल्या तीन गाड्या मीही अशाच घेतल्या. चौथीला टेप लावला. गाडीचा हौद आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद. वाळूत चार ठिकाणी सळई खुपसून उंची पाहिली, सरासरी पावणेतीन फूट भरली. 100 घनफुटांचा एक ब्रास धरला तर गाडीत 1.65 ब्रास वाळू होती आणि पावती 2 ब्रासची! त्यात ओलसर वाळू फुगते, कोरडीपेक्षा वीस-तीस टक्के जास्त दिसू शकते. म्हणून गाडी खाली होण्याआधीच मोजा, जे भरेल त्याचेच पैसे द्या.

सळईही काट्यावर घ्या. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले 162, हे एका मीटरचं किलोतलं वजन. 12 मिमीची 12 मीटर सळई साधारण 10.67 किलो भरायला हवी.

मजुरीचा दर चौरस फुटावर ठरतो, पण जिना, छज्जे, पॅरापेट (गच्चीचा कठडा), पाण्याची टाकी त्यात धरली की नाही, हे कागदावर नसतं. निम्मी भांडणं इथलीच. काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

सगळ्यात महाग चूक म्हणजे वीट चढल्यावर नकाशा बदलणं. खोदाईआधी जमिनीवर फक्कीने खोल्या आखा आणि घरच्यांना आत उभं करा. आमची आई आखलेल्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ओट्यावर माझीच सावली पडणार." कागदावर हे कुणालाच दिसलं नव्हतं. खिडकी तिथेच सरकवली, एक रुपया न लागता.

काही ठिकाणी मात्र हात आखडू नका. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. पाया तिच्यात न थांबवता खाली पक्क्या थरापर्यंत न्यायला हवा, किती खोल ते इंजिनिअरकडून ठरवून घ्या. खोदून निघालेली काळी मातीच जोत्यात भरून मुरमाचे पैसे वाचवणारे मी पाहिलेत. दोन पावसाळ्यांत त्यांच्या फरश्या उचलल्या.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरजवळ स्वतः उभे राहा. माल सैल पडावा म्हणून बिगारी पाणी वाढवतात. साध्या घराच्या काँक्रीटला 50 किलोच्या पोत्यामागे पंचवीस-सव्वीस लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. ओल्या स्लॅबवर बारीक तडे दिसले तर लगेच रंधा मारून घ्या आणि ओली गोणपाटं टाका. माल कडक झाला की आळी करून पाणी साठवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल किंवा कडक ऊन असेल तर किमान 10 दिवस.

ठेकेदाराला पैसे कामाच्या टप्प्याने द्या: जोतं, स्लॅब, गिलावा. शेवटचे पाच-दहा टक्के हातात ठेवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की दोन दिवस पाणी तुंबवा, खालून छताला हात लावून पाहा, आणि मगच ते द्या.